नवसाचे पाय

आई दर गुरुवारी कुणा बाईंकडून तळपाय दाबून घेते, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आईला कुणीतरी फसवतंय. आमचं गाव आंदर मावळात. वडील तिथेच भातशेती आणि जनावरं बघतात. माझ्या कॉलेजचा खर्च निघावा म्हणून आई आणि मी लोणावळ्यात एका खोलीत राहतो. आई पर्यटकांच्या बंगल्यांची साफसफाई करते आणि मी लोकलने तळेगावला बी.एस्सी.ला जातो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे आईला कुणी मोठ्या नावाचा उपचार सांगितला, की तो तपासून पाहणं आपलंच काम आहे असं मला वाटायचं.

पहिल्या वर्षी माझा एक विषय राहिला होता. आईला मी ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने चपला कागदात गुंडाळून फळीवर ठेवून दिल्या. मुलगा पदवी घेईपर्यंत पायात काही घालणार नाही, असा नवस ती गावच्या भैरोबाला बोलली होती. मी रागावलो, पण खरं सांगायचं तर आतून थोडा सुखावलोही. त्यानंतर तिचं डोकं दुखू लागलं, झोप उडाली. माझीही उडाली होती, पण ते मी तिला सांगत नव्हतो.

"ताईंकडं जाऊन आलं की डोकं लय हलकं हुतं बग," ती म्हणाली. "तू बी चल एकदा. नुसता पुस्तकात बसतोस."

मी गेलो तो त्या बाईंना उघडं पाडायला. खिशातल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून ठेवलं होतं. कॉलेजातल्या सरांनाही आधी विचारलं होतं. ते म्हणाले, पाय दाबल्याने ताण हलका होतो, बरं वाटतं, हे खरं; पण तळव्यातले ठरावीक बिंदू काळजाशी नि मूत्रपिंडाशी जोडलेले असतात याला पुरावा नाही. आणि त्या खोलीत भिंतीवर नेमका तसाच तक्ता होता, अवयवांची नावं लिहिलेल्या रंगीत तळव्यांचा. शेजारी दत्ताची तसबीर, खाली कोमट पाण्याचं घमेलं. बाई साठीच्या असतील. गल्लीत त्यांना पायवाल्या ताई म्हणत. आता त्या तेल विकतील, नाहीतर आईच्या डोकेदुखीच्या गोळ्या बंद करायला सांगतील, याची मी वाट बघत होतो.

आधी मीच बसलो. परीक्षा म्हणून खोटं सांगितलं, की पोटात दुखतं. आईपेक्षा मोठी बाई आपल्या पायाला हात लावते याचाच मला संकोच झाला. त्यांनी डोळे मिटून दत्ताचं नाव घेतलं आणि अंगठ्याने दाबत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पोटाचं मला काही समजत नाही बाबा. पण तू पाय सैल सोडतच नाहीस. कुणी घेऊन पळणार नाही तुझे पाय."

आई हसली. मला मात्र वाटलं, असली वाक्यं या सगळ्यांना पाठ असतात.

मग आईची पाळी आली. ताईंनी तिचे पाय धुतले, फडक्याने टिपले आणि उजवा तळवा उजेडाकडे वळवला. अंगठ्याखाली कातडी पांढरट सुजली होती. त्यांनी कडेला हळूच बोट टेकवलं.

"इथं दुखतं?"

"न्हाई."

"आणि इथं?"

"काईच न्हाई ताई. दाबा की तुमी. डोकं लय चढलंय आज."

ताईंनी हात काढून घेतला. "आज मी दाबणार नाही. आत काहीतरी रुतलंय आणि तुम्हाला ते कळत नाहीये. साखर कधी तपासली होती?"

"मला कुटली साखर? पुढच्या हप्त्यात बगू. दोन बंगल्यांची कामं हायेत."

"पुढच्या आठवड्यात नाही, आत्ता. हे माझ्या हातातलं काम नाही."

मला वाटलं, आता कळलं. डॉक्टरशी संधान असणार. मी जरा तिरकसपणेच विचारलं, "कोणत्या डॉक्टरकडे पाठवताय?"

"कुठल्याही. सरकारी दवाखान्यात ने, पण आज ने."

दवाखान्यात आईच्या तळव्यातून काच निघाली. कुणा पर्यटकांनी फोडलेल्या बाटलीची असावी. आई कितीतरी दिवस तिच्यावर चालत होती. साखर खूप वाढलेली होती आणि तिच्यामुळेच पायाची जाणीव गेली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर बोट काढावं लागलं असतं, कदाचित पायही. मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो आणि खिशातलं ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. प्रत्येक पेपरला निघताना मी वाकून आईच्या पाया पडत होतो. त्या पायांचा तळवा मी एकदाही पाहिला नव्हता. ज्या बाईंना मी लबाड समजत होतो, त्यांनी तो पाहिला.

जखम भरत आली, पण आई चपला घालायला तयार होईना. डॉक्टर रागावले, मी हात जोडले. "भैरोबाला बोललीय मी. माज्यापायी तुजं काय वाकडं झालं तर?" एवढंच ती म्हणे. शेवटी मी ताईंना घरी घेऊन आलो. त्यांनी आईच्या नवसाला नावं ठेवली नाहीत. त्या म्हणाल्या, "हे पाय तुम्ही देवाला दिलेत ना? मग ते आता तुमचे राहिले नाहीत. दुसऱ्याची वस्तू कुणी काचेवर ठेवतं का?"

आईने पाय जवळ ओढून पदराने तळवे पुसले. मग मला म्हणाली, "फळीवरच्या चपला काड." ताई गेल्यावर तिने मला सांगितलं, आज भैरोबाच बोलून गेला. तो बोलला की नाही, मला ठाऊक नाही. एवढं मात्र खरं, की त्या क्षणी कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि ते माझ्याच्याने होत नव्हतं.

त्या तक्त्यावर माझा अजूनही विश्वास नाही. पण ताईंनी शिकवलं तसं, डॉक्टरांना विचारून, मी रोज संध्याकाळी आईचे पाय धुतो, बोटांच्या बेचक्या तपासतो आणि मग हलक्या हाताने चोळतो. सुरुवातीला ती लाजून पाय ओढून घ्यायची. आता चोळता चोळताच तिला डुलकी लागते, आणि मलाही रात्री झोप येते. ही कृपा मी मागितली नव्हती. उलट ती दारात आली तेव्हा मी तिची झडती घेत होतो. तरीही ती परत गेली नाही, याबद्दल मी ताईंचा आणि भैरोबाचा ऋणी आहे.

अंगठ्याखालच्या त्या जागेला जाणीव परत आलेली नाही. डॉक्टर म्हणतात, कदाचित येणारही नाही. मी तिथे हात ठेवतो तेव्हा आईला तो कळत नाही. तरी मी ठेवतो. माझ्यावरही असा कुणाचा हात असेल आणि मला तो कळत नसेल, हे मी आता नाकारत नाही.