मावशीचं लुगडं

आमच्या वाडीत लवूला लवू म्हणणारे आम्ही दोघेतिघेच उरलो होतो. बाकी सगळ्यांसाठी, पार देवरूखच्या बाजारापर्यंत, तो मावशी. बाजाराच्या दिवशी एसटीत चढला की कंडक्टर ओरडायचा, "मावशी, जरा पुढं सरका!" गाडीतल्या खऱ्या मावश्या रागाने मागे वळून बघायच्या आणि आमचा लवू मिशीवरून हात फिरवत ऐटीत पुढे सरकायचा.

हे नाव त्याला नमनाने दिलं होतं. शिमग्यात आमच्याकडे नमनाचा खेळ रात्रभर चालायचा. मृदंगावर थाप पडली की आधी देवाची गाणी, मग गवळण. बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, आणि गवळणींची म्होरकी मावशी. सगळी कामं पुरुषच करायचे. लवूची मावशी बघायला माणसं डोंगर उतरून यायची. मिशी त्याने कधी काढली नाही. मावशी पदराने तोंड झाकून मुरकायची, ती मिशी लपवायला. कृष्णाने फारच छळलं की ती एकदम पदर सोडायची आणि मिशी दिसली की अख्खं गाव हसून लोळायचं.

मृदंग माझा. मी केरू, पोस्टात टपाल वाटून निवृत्त झालेला. मी तापट आहे असं माझी बायको गोदा सांगत फिरते. तिने उन्हापावसात घाट्या चढून तारा आणि मनीऑर्डरी पोचवल्या असत्या, तर ती किती शांत राहिली असती ते मला बघायचंच आहे.

तर लवूची एक गंमत होती. इतकी वर्षं मावशी केली, पण लुगडं एकदाही तो स्वतः नेसला नाही. नेसवायची त्याची बायको, तुळसा. खेळाआधी ती दार लावून घ्यायची. लवू हात वर करून उभा. त्यांचा लहानगा जानू पेटीवर बसून पदराचं टोक धरायचा, सारवलेल्या जमिनीला लागून ते मळू नये म्हणून. नेसवून झालं की तुळसा नवऱ्याच्या पाठीवर थाप मारायची आणि म्हणायची, "जा बाय, नीट जा, आन् बेगीन परत ये." आम्ही बाहेर उभे राहून हे ऐकायचो आणि हसायचो.

पुढे वाडीतली तरणी माणसं मुंबईला गेली. त्यांना रजा मिळेना, नमन बंद पडलं. मग तुळसा गेली. जानूही तोवर मुंबईत छापखान्यात लागून संसाराला लागला होता. तुळसाचं लुगडं पेटीत गेलं आणि लवू घरात. आधी बाजार सुटला, मग देऊळ सुटलं, मग आमची ओटीही सुटली. त्याच्या आणि माझ्या घरात एक दगडी गडगा काय तो आडवा, पण आठ-आठ दिवस तोंड दिसायचं नाही.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात एका सकाळी गोदा म्हणाली, "लवूभावोजींच्या घरावर कालपासून धूर नाय." जाऊन बघतो तर हा तापाने फणफणलेला, घोंगडीत मुटकुळं करून पडलेला. चूल थंड. त्याला बैलगाडीत घालून आम्ही दवाखान्यात नेला, बरा झाला. पण जानू धावत आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. पोरगा वाईट नव्हता. बाप एकटा मरून पडेल आणि आपल्याला कळणारही नाही, ही भीती त्याच्या मनात बसली. दिवाळीला त्याने सखारामबरोबर निरोप धाडला. हा सखाराम म्हणजे आमचा जुना कृष्ण, गिरणीचा संप फसल्यावर कायमचा गावी आलेला. तेव्हा गिरणीतले थकलेले पैसे बघायला मुंबईला गेला होता. निरोप असा होता, की शिमग्याला येतो, घराला लावायला मोठं कुलूप घेऊन येतो, आणि बाबांना घेऊन जातो.

मी लवूला विचारलं, "जाणार?"

"जाईन की. हितं तरी मी कुणाशी बोलतंय?"

हे मला झोंबलं. घरी येऊन मी भांडी आपटली. मग जेवता जेवता पाटावर बोटं बडवायला लागलो, ही माझी जुनी खोड. गोदाने खुंटीवरचा मृदंग काढून माझ्या मांडीवर ठेवला. "बडवायचंच हाय तर ह्यो बडवा. आन् हितं नाय, भावोजींच्या पडवीत जाऊन. माझं डोकं उठतं."

उंदरांनी एका बाजूचं चामडं कुरतडलं होतं. ते बदलून घेतलं आणि भातकापणी उरकल्यावर एका संध्याकाळी लवूच्या पडवीत जाऊन बसलो. मी थाप मारली. तो खांबाला टेकून बाहेर बघत बसलेला. मी मुद्दाम गवळणीची चाल चुकवली. पुन्हा चुकवली. तिसऱ्यांदा तो उसळून म्हणाला, "अरे, पोस्टाचे शिक्के मारतंस काय? नीट वाजव!"

त्या दिवसापासून सुरू झालं. सखाराम आला, तो एका डोळ्यात मोतीबिंदू घेऊन. खालच्या आळीतला रावजी आला. तो गवळण व्हायचा. आता गुडघे धरून गवळण व्हायला लागला. कुणाला दम लागायचा, कुणाला ओळी आठवायच्या नाहीत. आठवायच्या त्या बायकांना. आयुष्यभर अंगणात बसून ऐकलेलं सगळं त्यांच्या तोंडात होतं. आम्ही अडखळलो की अंधारातून कुणीतरी पुढची ओळ टाकायचं, आणि ती बरोबर असायची, याचा मला फार राग यायचा. हळूहळू त्या अंगणातून पडवीत सरकल्या, टाळ धरू लागल्या. येताना कुणी भाकरी आणायचं, कुणी कुळथाचं पिठलं. लवूच्या चुलीला रोज संध्याकाळी माणसं भेटायला लागली. दिवसासुद्धा त्याच्याकडे जायला आम्हाला निमित्त मिळालं. आज ही ओळ काय, उद्या ती चाल काय. एक दिवस बघतो तर तो आरशासमोर उभा राहून मिशी कातरत होता.

माघ सरत आला तशी त्याची जीभ पुन्हा बोथट झाली. म्हणाला, "केरू, जानू येणार रे."

"मग सांग त्याला, येत नाय म्हणून."

"कसा सांगू? तो माझ्यासाठीच करतोय. माझ्या तोंडून निघायचं नाय."

लवूला नाही म्हणता येत नसे, ते मावशीला येत असे. पण हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. मी आपला त्याच्यावरच ओरडून घरी आलो.

शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर, बसली त्या दिवशी आमचं नमन ठरलं. रात्रभर जागणं आता कुणाला झेपणार नव्हतं, म्हणून उन्हं कलली की सुरू करायचं. लवूच्या खोलीत आम्ही तयार होत होतो. पेटी उघडली. तुळसाचं हिरवं लुगडं निघालं. आणि तेव्हा लक्षात आलं, की ते नेसवायचं कुणी?

गोदाला विचारलं तर तिने डोळे वटारले. "बायको नव्हं मी त्यांची! लोक शेण घालतील तोंडात." पण तिला राहवेना. दाराबाहेर उभी राहून ती ओरडून सांगायला लागली. "आधी कंबरेला गाठ मारा! मग निऱ्या घाला!"

आत आम्ही तीन म्हातारे आणि हात वर केलेला लवू. जन्मभर ज्या बायका लुगड्यात बघितल्या, त्यांच्याकडे आम्ही कधी नीट बघितलंच नव्हतं, हे मला त्या खोलीत कळलं. रावजी म्हणाला, "त्यात काय, कासोटा मागं घेतला की झालं." सखारामला एका डोळ्याने काठच दिसेना. हाताला जी सवय तेच झालं. आम्ही लवूला नऊ वारी लुगड्याचं झकास धोतर नेसवलं. कासोटा कडक, सोगा झोकदार, आणि पदराला हातभर कापड उरलं नाही.

"झालं का?" गोदा बाहेरून.

"झालं. पण मावशीचा मामा झाला," मी म्हणालो.

सोडलं, पुन्हा नेसवलं, पुन्हा तेच. तिकडे सहाणेवर मृदंगाची वाट बघत माणसं जमली होती. लवू खाली बसला. लुगडं मांडीवर घेऊन म्हणाला, "ऱ्हाऊ दे. ती असती तर..."

तेवढ्यात दार ढकलून जानू आत आला. दुपारची एसटी वाटेत बंद पडली होती. घामाने निथळलेला, खांद्यावर बॅग, हातात ते कुलूप, नारळाएवढं पितळी. त्याने बापाकडे बघितलं, लुगड्याकडे बघितलं. मग कुलूप पेटीवर ठेवलं.

"बाबा, हात वर करा," तो म्हणाला. "केरूकाका, तुमी पदर धरा. जमिनीला लागू देऊ नका."

मी गुमान पेटीवर बसलो आणि पदर धरला. जानूची बोटं भराभर चालली. गाठ, निऱ्या, कासोटा, खांद्यावर पदर. कुठे थांबला नाही. पेटीवर बसलेल्या त्या पोराने सगळं डोळ्यांत साठवून ठेवलं होतं. नेसवून झाल्यावर तो क्षणभर घुटमळला. मग बापाच्या पाठीवर थाप मारून हलकेच म्हणाला, "जा बाय, नीट जा, आन् बेगीन परत ये."

लवूने पदराने तोंड झाकलं. या वेळी मिशी लपवायला नव्हे.

मग नमन झालं, आणि कसं झालं म्हणून सांगू! माझे हात तरण्यासारखे चालले. सखारामने चुकून गवळणीऐवजी सहाणेच्या खांबाला अडवलं, तेही खपून गेलं. मग मावशी आली. कृष्णाने ठरलेलं विचारलं, "काय गं मावशी, नटूनथटून चाललीस कुठं?"

ठरलेलं उत्तर होतं, "मथुरेच्या बाजाराला." मावशीने कंबरेवर हात ठेवला. जानू समोरच बसला होता.

"मुंबयला चालले रे किस्ना!" मावशी मुरकली. "लेकाच्या खोलीत! लेक माझा लाखाचा. पण तो जाणार कामाला, सून जाणार कामाला, पोरं साळंला. मी दिवसभर कुणाची वाट अडवू? नळाची?"

माणसं हसून लोळली. मावशीने पदर सोडला. मिशी दिसली, आणि मिशीच्या वर भरलेले डोळे. आवाज बदलला. "हितं एक दिवस धूर नाय दिसला, तर माणसं दार मोडून येतात रे. तिथं माझा धूर कोण बघल?"

हसू थांबलं. मृदंगावरचे माझे हात थांबले. मग बायकांतून आमच्या गोदाचा खणखणीत आवाज आला, "जाऊ नको गं मावशी!" आणि सगळी सहाण ओरडायला लागली, जाऊ नको, जाऊ नको. जानू मान खाली घालून बसला होता. थोड्या वेळाने त्याने मान वर केली, डोळे पुसले आणि बाकीच्यांबरोबर तोही ओरडला.

तो आणखी दोन दिवस राहिला. कशासाठी? तर पडवीतल्या खांबाला लुगडं नेसवून आम्हा म्हाताऱ्यांना शिकवायला. रावजीला शेवटपर्यंत जमलं नाही. जाताना जानू एसटीत चढला, खिडकीतून मला म्हणाला, "काका, धुराकडे लक्ष ठेवा." मी म्हटलं, आमच्या गोदाला दुसरा धंदाच काय आहे?

त्याचं ते पितळी कुलूप लवूने लुगड्याच्या पेटीला लावलं. किल्ली पहिल्याच आठवड्यात हरवली आणि कुलूप तोडावं लागलं. तेव्हापासून लवूच्या घरात कशालाच कुलूप नाही.