पाणी दिलेला पाना

डोंगरकड्याच्या जळबाचे निम्मे आयुष्य दुसऱ्याचा टेम्पो हाकण्यात गेले. हिंगोलीच्या बाजारात हळदीची पोती पोचवायची आणि वाटेत टेम्पो अडला तर पोतडे अंथरून त्याच्या पोटाखाली शिरायचे, हा त्याचा नेम. मालकाने धंदा मोडला तेव्हा जळबाने पान्यांची पिशवी तेवढी मागून घेतली. दर खंडेनवमीला ती पाटावर रिकामी होई. मिराबाई एकेका पान्याला हळदकुंकू लावी आणि म्हणे, "लेकरं न्हाईत तर न्हाईत, ह्यायलाच न्हाऊ घालते."

या मिराबाईची मूत्रपिंडे निकामी झाल्याला आता दोन वर्षे होत आली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी हिंगोलीच्या दवाखान्यात तिचे रक्त यंत्रातून फिरवून आणावे लागे. जाताना ती बसून जाई. येताना मान सावरण्याचेही त्राण उरत नसे. म्हणून जळबाने एक जुनी व्हॅन घेतली, मागचे बाक सपाट केले आणि त्यावर गोधडी अंथरली. परतताना आडवे होता येते, एवढ्याच भरवशावर मिराबाई जायला तयार होई. "यष्टीत बसून यायची पाळी आली," ती बजावी, "तर पुन्हा मी जायची न्हाई. आधीच सांगून ठिवते."

फाल्गुनातल्या एका रविवारी व्हॅनचा पाण्याचा पंप गळताना दिसला. इंजिन असे उकळत असताना हिंगोली गाठणे शक्यच नव्हते. फाट्यावरचा मिस्त्री लग्नाला गेला होता. पण तो असता तरी जळबाने त्याला हाक मारली असती असे नाही. नवा पंप घरात आणून ठेवलेला होता. जुन्याचे तीन बोल्ट निमूट निघाले. चौथा मात्र पट्ट्याच्या चाकामागे अडचणीत, गंजून बसलेला. जळबाने बारा नंबरचा रिंग पाना लावून जोर दिला आणि झिजलेल्या पान्याची कडी चिरली.

तो गावातल्या हरीशच्या अवजारांच्या दुकानातून चकचकीत नवा पाना घेऊन आला. दुसऱ्याच हिसक्याला त्याचे तोंड फाकले. जळबाने तो परत नेऊन दाखवला.

"मामा, तुमी पाना लावला का पहार?" हरीश म्हणाला.

"बोल्टाला लावला रे. तुझ्या मालाला दम न्हाई."

"हल्ली असाच येऊन राहिला. चांगला हिंगोलीला भेटंल. पण आज रविवार, दुकानं बंद."

जळबा घरी परतला. पिशवीत टेम्पोच्या काळचा, त्याच मापाचा एक जाडजूड पाना उरला होता. त्याची मान सरळ असल्याने तो त्या अडचणीत शिरेना. मान थोडी वाकवली तर बसेल, हे जळबाने ताडले. शेजारी प्रमोदच्या खळ्यावर हळद शिजत होती आणि कढईखालचे चुलाण लाल झाले होते. जळबाने पाना त्या निखाऱ्यांत सारला.

"काका, हळद सोडून लोखंड काहून शिजवून राहिले?" प्रमोदने विचारले.

"तुझी हळद शिजंल तवर माझा पाना बी शिजंल."

पाना लाल होताच त्याने तो दगडावर ठोकून वाकवला आणि घमेल्यातल्या पाण्यात बुडवला. लोहार विळ्याला पाणी देतो तसे. चर्र आवाजाने त्याला बरे वाटले. विळा याच आवाजाने कणखर होतो, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. पाणी दिल्यावर लोहार तेच लोखंड पुन्हा मंद आचेवर धरतो आणि त्याचा ठिसूळपणा काढतो, हे मात्र त्याने कधी पाहिले नव्हते. विळा भात्यावर टाकून तो घरी येई आणि संध्याकाळी न्यायला जाई. मधली ती विद्या त्याच्या पाठीमागे घडत राहिली.

पाना बोल्टवर नेमका बसला. जळबाने सगळा भार टाकला. काच तडकावी तसा पाना मानेतच तुटला आणि त्याची मूठ रेडिएटरच्या पात्यांवर आपटून बोटांची सालटे निघाली. तुटल्या जागी लोखंड करड्या साखरेसारखे खरबरीत दिसत होते. पिशवीत आता बारा नंबरचे काही उरले नव्हते. मिराबाईने जखमेत हळद भरली.

सोमवारी ती दोघे एसटीने गेली. ती यंत्रावर असताना जळबाने बाजारातून जाड घडणीचा, वाकड्या मानेचा पाना घेतला. येताना गाडीत गर्दी होती. कंडक्टरने दोन माणसे उठवून जागा करून दिली, पण आडवे होता येईल एवढी नव्हे. कळमनुरीच्या अलीकडे मिराबाईला कोरड्या उलट्या झाल्या. नंतर ती जळबाच्या खांद्यावरून वारंवार घसरत राहिली आणि तो तिला वारंवार वर ओढत राहिला. त्याच्या खिशातला पाना तिच्या बरगडीला टोचत होता, हे घरी आल्यावर त्याच्या ध्यानात आले.

मंगळवारी सकाळी नवा पाना लावला आणि चौथा बोल्ट एका हिसक्यात सुटला. इतका सहज, की जळबा तो तळहातावर घेऊन बराच वेळ तिथेच बसून राहिला.

गुरुवारी त्याने व्हॅन दारात आणली. गोधडी झटकून अंथरली. इंजिनाचा आवाज स्वच्छ होता आणि तापाचा काटा मधोमध स्थिर.

"मिरे, चल. गाडी झाली बराबर."

मिराबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "मी सांगितलं होतं."

"तवा पाना तुटला होता. आता न्हाई तुटायचा."

"पान्याचं न्हाई म्हणत मी."

"आज आडवी होऊन येशील ना."

ती वळली नाही. जळबा बाहेर जाऊन चालकाच्या जागेवर बसला, इंजिन चालू आणि दरवाजा तिच्यासाठी उघडाच ठेवून. प्रमोदच्या कढईचा वाफाळ वास येत होता. काटा हलत नव्हता. यंत्रावरची तिची वेळ होत आली, टळून गेली.

"आवं," आतून आवाज आला, "बंद करा ती. तेल जळून राहिलं."

त्याने चावी फिरवली.