चष्मेवाल्याने न बोललेलं वाक्य

बसस्टँडसमोरच्या ओळीत तिसरं दुकान चष्मेवाल्याचं. जागा अगदी चिंचोळी. पुढे फ्रेमा मांडलेलं काचेचं कपाट, मागे पडद्याआड नंबर काढायची खुर्ची आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. तीस वर्षं तो त्या खुर्चीशेजारी उभा राहून माणसांना एकच प्रश्न विचारत आला होता, "आता नीट दिसतंय, की मघाशी नीट दिसत होतं?" एकटा जीव. दुकानावरच्याच दोन खोल्यांत राहायचा. जिवाभावाचे मित्र दोन. एक शेजारच्या गाळ्यातला शिंपी आणि दुसरा शहरबसचा ड्रायव्हर. तिघांनी पन्नाशी ओलांडली होती, पण तिघांनाही एक पोरकट नाद होता, सुपरहिरोंच्या सिनेमांचा.

नाद लावला ड्रायव्हरने. मुलगी लहान असताना तो तिला असले सिनेमे दाखवायला न्यायचा. मुलगी लग्न होऊन लांब गेली, बायकोला असल्या सिनेमांत रस नव्हता, पण बापाचा नाद काही सुटला नाही. एकट्याने जायची लाज वाटायची, म्हणून त्याने या दोघांना ओढलं. मग दर शनिवारी संध्याकाळचा खेळ ठरलेलाच. नवा सिनेमा लागला नसेल तर चष्मेवाल्याच्या खोलीत टीव्हीवर जुना. पडद्यावर अख्खं शहर जमीनदोस्त होत असायचं, ड्रायव्हर जीव मुठीत धरून खुर्चीच्या टोकाला आलेला असायचा, आणि शिंपी गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "त्या झग्याला अस्तर नाही लेका. पहिल्याच उड्डाणात उसवणार."

सिनेमा संपला की तिघं दुकानाच्या गच्चीवर. तिथे चष्मेवाल्याने स्वतः बनवलेली दुर्बीण होती. एक अख्खा हिवाळा खर्ची घालून त्याने तिचं भिंग हाताने घासलं होतं. ती शनीवर रोखली की शिंपी दरवेळी नव्याने "अरे बापरे" म्हणायचा. आत्ताच पाहिलेल्या सिनेमातला हिरो कुठल्या ताऱ्यावरून आला असेल, यावर ड्रायव्हर आणि शिंपी अर्धा तास भांडायचे. चष्मेवाला पेल्यांत चहा ओतायचा आणि ऐकत बसायचा. आठवडाभर तो याच दोन तासांसाठी जगायचा म्हटलं तरी चालेल.

अंधुक तारा बघायची एक युक्ती त्याने दोघांना शिकवली होती. ताऱ्याकडे सरळ बघायचं नाही, किंचित बाजूला नजर ठेवायची. मग डोळ्याच्या कडेला तो उमटतो. त्या शनिवारी एक धूसर तारकापुंज शोधायचा होता. शिंप्याला तो लगेच सापडला. ड्रायव्हर मात्र दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ खटपट करत राहिला.

"बाजूला बघितलं की सगळा काळोखच आहे रे," तो म्हणाला. "तुझी युक्ती काही मला लागू पडत नाही."

"म्हातारा झालास," शिंपी म्हणाला.

ड्रायव्हर हसत मागे वळला आणि शेजारच्या स्टुलावरचा चहाचा पेला त्याचं कोपर लागून खाली पडला आणि फुटला. ते स्टूल तर दोन वर्षं त्याच जागी होतं.

बाकीचं सगळं चष्मेवाल्याला एकदम आठवलं. थिएटरात बाजूने पुढे केलेला लाह्यांचा पुडा ड्रायव्हरला दिसला नव्हता. रांगेतून आत शिरताना त्याने तीन माणसांच्या पायांवर पाय दिले होते आणि वर त्यांच्याशीच हुज्जत घातली होती. तीस वर्षांत चष्मेवाल्याने अशी माणसं पाहिली होती. समोरचं स्वच्छ दिसतं, दुखत-खुपत नाही, आणि कडेचं जग गुपचूप पुसलं जातं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, पण वेळेत औषध सुरू केलं तर उरलेली टिकवता येते.

"डोळे दाखव एकदा." एवढंच वाक्य. जिभेवर आलंही होतं.

तेवढ्यात ड्रायव्हर काचा गोळा करत म्हणाला, "पुढच्या महिन्यात डेपोत डोळ्यांची तपासणी आहे. तिथे तक्ताच वाचायचा असतो. शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचतो मी. दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला. मग बघू काय चाळे करायचेत डोळ्यांना ते."

चष्मेवाल्याला पक्कं ठाऊक होतं की तक्त्यावर हे कळत नाही. तो म्हणाला, "राहू दे, हाताला लागेल. मी झाडतो."

आणि झाडू आणायला खाली गेला.

पुढे त्याने स्वतःची समजूत घालायला शंभर कारणं शोधली. आपण काही डॉक्टर नाही. अंदाज चुकला तर माणसाची नोकरी फुकट जाईल. त्याच्या तोंडचा घास आपण का काढावा? पण खरं कारण वेगळंच होतं आणि त्याला ते कळत होतं. हे एकदा बोललो की पुढचा शनिवार आधीसारखा राहणार नाही. गच्चीवरची हसाहशी थांबेल, आणि ती थांबवणारा आपण असू. म्हणून तो गप्प राहिला. स्टूल तेवढं त्याने भिंतीकडे सरकवून ठेवलं, आणि जिना उतरताना ड्रायव्हरच्या एक पायरी पुढे राहायला लागला, तोल गेलाच तर धरता यावं म्हणून. यालाच तो काळजी घेणं म्हणत होता.

डेपोतल्या तपासणीत ड्रायव्हर तक्ता घडाघडा वाचून पास झाला, आणि असे सात महिने गेले.

एका सकाळी डेपोबाहेरच्या वळणावर ड्रायव्हरने बस डावीकडे वळवली. डाव्या अंगाला सायकलवर एक नर्स होती, रात्रपाळी संपवून घरी निघालेली. ड्रायव्हरला ती दिसलीच नाही. लोक ओरडले तेव्हा त्याने ब्रेक दाबला. बाई वाचली, पण तिच्या कमरेचं हाड मोडलं.

चौकशीत डोळ्यांची नीट तपासणी झाली आणि सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी ड्रायव्हरला सांगितलं की निम्म्याहून जास्त नजर गेली आहे, आणि शेवटच्या काही महिन्यांत ती झपाट्याने गेली असावी. बस चालवणं कायमचं सुटलं.

पंधरा दिवसांनी ड्रायव्हर शिंप्याचा हात धरून गच्चीवर आला. दुर्बिणीकडे कुणी गेलंच नाही. शिंपी चहा करायला खोलीत उतरला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "मला एक सांग. मी तुझ्याकडे नंबर काढायला आलो असतो, तर तुला कळलं असतं का रे?"

"दुकानातल्या यंत्रावर नाही कळत ते," चष्मेवाला म्हणाला. हेही खरंच होतं. पण ते बोलताना त्याचे कान तापले. मग त्याला राहवेना.

"यंत्राशिवाय कळलं होतं," तो म्हणाला. "पेला फुटला त्या रात्री."

ड्रायव्हरने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "म्हणजे किती दिवस?"

"सात महिने."

"आणि तू मला बस चालवू दिलीस."

ड्रायव्हर उठला आणि भिंत चाचपत जिन्याकडे निघाला. चष्मेवाला हात द्यायला पुढे झाला, तर त्याने तो झटकला. "आता नको," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं चष्मेवाल्याला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

नर्सकडे जायचं बळ एकवटायला त्याला आणखी महिना लागला. ती तिच्या भावाच्या घरी खाटेवर पडून होती. त्याने काहीही हातचं न राखता सांगितलं. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"हे मला कशाला सांगितलंत?" तिने विचारलं. "तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून?"

"माफी मागायला आलो होतो."

"मी रोज पेशंटच्या नातेवाइकांना नको ती बातमी सांगते. कुणाला आवडतं का ते? पण सांगावं लागतं." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "या तुम्ही आता."

तो बाहेर पडला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. रस्त्याने सायकलवरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला वाट देत, अगदी कडेकडेने तो दुकानापर्यंत आला आणि त्या दिवशी त्याने दुकान उघडलंच नाही.

त्यानंतर चाळिशीपुढचं कुणीही नंबर काढायला आलं की तो आधी डोळ्यांचा दाब तपासून यायला सांगू लागला. गिऱ्हाईकं वैतागायची. "आम्हाला चष्मा हवाय, तुम्ही दवाखाना मागे लावताय," म्हणून काही जण दुसऱ्या दुकानात गेले. त्याने कुणाला अडवलं नाही. वर्षभरात दोघांना खरोखर काचबिंदू निघाला. त्यातली एक बाई आभार मानायला आली, तर हा तिच्या नजरेला नजर देऊ शकला नाही.

नर्स आठ महिन्यांनी कामावर रुजू झाली. काठी लागते, आणि रात्रपाळी तिने सोडली. ड्रायव्हरला डेपोने चौकशीच्या खिडकीवर बसवलं. कुठली बस कुठून सुटते ते त्याला तोंडपाठ होतंच.

शिंपी मात्र दोघांच्या मध्ये येरझाऱ्या घालून कावला. शेवटी एका संध्याकाळी तो चष्मेवाल्याला म्हणाला, "वहिनींना कामावर आता संध्याकाळची पाळी लागलीये. आठला त्याच्या डोळ्यांत औषध घालायला घरी कुणी नसतं. मला जमत नाही, सगळं गालावर सांडतं. तू जा."

"तो घालू देईल?"

"मी त्याला विचारलंय. 'येऊ दे' म्हणाला. त्यापुढे काही नाही."

चष्मेवाला गेला. ड्रायव्हरने दार उघडलं, खुर्चीत बसला आणि मान मागे टेकवली. चष्मेवाल्याने हात धुतले, खालची पापणी अलगद ओढली आणि एकेक थेंब सोडला. दोन्ही डोळे मिटून ड्रायव्हर पाच मिनिटं तसाच बसून राहिला.

"तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही," तो डोळे न उघडताच म्हणाला.

"जाऊ नये," चष्मेवाला म्हणाला.

"उद्या आठलाच ये. उशीर करू नकोस."

चष्मेवाल्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ती फळीवर ठेवली आणि दार ओढून घेऊन बाहेर पडला.