दोनशे दहा अंशांची फेरी

अकरावीला गणिताचा पहिला तास माझा बुडाला. आष्टीहून परतूरच्या तहसिलीत दाखल्यासाठी गेले होते आणि साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी नवीन जालन्यातल्या कॉलेजात पोचले, तर फळ्यावर एक वर्तुळ आणि सगळा वर्ग माना डोलावतोय. शेजारणीच्या वहीतून मी नियम उतरवून घेतला. मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर एक. उजव्या टोकापासून निघायचं, जेवढा कोन तेवढं कडेनं चालायचं. थांबाल तिथलं आडवं अंतर कॉस, उभं अंतर साइन. मध्याच्या डावीकडे आणि खाली वजा. दशांश चालणार नाहीत. वर्गमूळ तीन आलं तर तसंच ठेवायचं.

एवढं सोपं, आणि माझी उत्तरं चुकायची. तीही अर्धीच. कॉस सगळे बरोबर, साइन जवळजवळ सगळे उलट्या चिन्हाचे. एकाच जागेची दोन अंतरं, त्यातलं एक खरं नि एक खोटं कसं? घोडं नेमकं कुठं पेंड खातंय तेच कळेना. दहावीत पाठ केलेला तीस अंशांचा साइन अर्धा होता, माझ्या वर्तुळावर तो वजा अर्धा यायचा. शाळा बदलली, मैत्रिणी बदलल्या, तसा साइनही बदलला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. विचारलं कोणालाच नाही. गावात मी कोणाचं ऐकून न घेणारी, पण तिथं तोंडाला कुलूप लागायचं. त्याची अजून लाज वाटते.

चाचणीत नापास झाले. नापास झालेल्यांना गणित सोडून दुसरा विषय घ्यायचा फॉर्म मिळाला, खाली वडिलांची सही. गणित सुटलं की इंजिनिअरिंग सुटलं, आणि मला तर इंजिनिअरच व्हायचं होतं. वडील गवंडी. शनिवारचा खाडा करून आले आणि आम्ही दोघं रिकाम्या वर्गात गणिताच्या सरांसमोर उभे राहिलो.

"वडिलांदेखत एक काढून दाखव," सर म्हणाले. "दोनशे दहाचा साइन."

मी उजव्या टोकावर खडू ठेवला आणि कडेनं खाली उतरायला लागले.

"थांब. खाली कुठं चाललीस?"

राग वडिलांना आला. "बराबर चालून राह्यली की, सर. मधलं उजव्या हाताला ठेवूनच फिरतेत ना?"

आमच्या विहारापुढच्या पिंपळाला आम्ही तसेच फिरतो, मारुतीला फिरणारेही तसेच. गावात बाकी कशावर एकमत नसेल, यावर आहे. लहानपणी मी एकदा उलटी पळाले, तर आईनं दंड धरून परत फिरवलं होतं. वर्तुळ म्हटल्यावर दुसऱ्या बाजूनंही जाता येतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"गणितात इथून वर जातात," सर म्हणाले. "ती दिशा अधिक. कॉस वाचले, कारण वरून जा नाहीतर खालून, आडवं अंतर तेवढंच."

"उलटं फिरायचं अन् त्याला अधिक म्हनायचं? कुनी ठरवलं?"

"तसं ठरलंय," सर म्हणाले. "कोणी ते मलाही माहीत नाही."

मी वरून गेले. डावीकडे, मध्याच्या खाली थांबले. वजा अर्धा. उत्तर बरोबर आलं आणि मला हायसं वाटायच्या ऐवजी संताप आला. एवढ्याशासाठी दोन महिने मी स्वतःला मठ्ठ समजत होते. पण गोंधळ काही गेला नाही. हात वर जायचा, मन खाली ओढायचं.

सरांनी फॉर्म पुढं केला. "मार्क मला बदलता येत नाहीत. पुढं याहून अवघड आहे. ठरवा तुम्ही."

वडिलांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडं वळले. "तुला समजलं का?"

हो म्हणायला हवं होतं. "पूर्ण न्हाई, पप्पा."

"मला तर कायच न्हाई समजलं." त्यांनी टोपण परत लावलं. "मंग दोघायलाबी समजलं न्हाई तर सही कशी करायची, सर? न समजता सही करत न्हाई मी."

फॉर्म घडी करून त्यांनी खिशात घातला आणि मला म्हणाले, "सोमवारी पुढच्या बाकावर बस."