यशूचं विमान आणि अप्पांचा निरोप

अप्पा मंगळवारी गेले. फ्युनरलची तारीख मिळाली आहे तीन आठवड्यांनंतरची.

इथलं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंग्लंडमध्ये माणूस घरात अचानक गेला की आधी कोरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा सरकारी अधिकारी, मग कागद, मग क्रेमेटोरियमचा, म्हणजे दहनाचा स्लॉट. तोवर माणूस शवागारात आणि घरचे नुसते बसलेले.

अप्पा म्हणजे माझे सासरे. उभं आयुष्य स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, तिथल्या कारखान्यांत काढलं. मंगळवारी सकाळी चहा मागितला. मी घेऊन गेले तोवर खुर्चीतच गेले होते.

आणि आमची लेक यशू आज अमेरिकेला गेली. कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये, फुल स्कॉलरशिपवर.

मी हीथ्रोच्या कार पार्कमध्ये बसून हे लिहितेय. मिलिंद, माझा नवरा, पार्किंगच्या मशीनकडे गेलाय तो अजून आलेला नाही. बहुतेक कुठेतरी उभा राहून रडत असेल.

कोणासाठी रडायचं, तेच कळत नाहीये.

इथे बास्केटबॉल म्हटलं की लोक विचारतात, "नेटबॉल का?" स्कॉलरशिप हवी तर अमेरिका. पण तिथले कोच काही स्लाऊच्या शाळेच्या हॉलमध्ये येऊन बसत नाहीत. त्यांना मॅचचे व्हिडिओ पाठवावे लागतात.

मॅच शनिवारी, आणि शनिवारी आम्ही दोघंही कामावर. त्यामुळे फोन अप्पांच्या हातात.

अप्पा पूर्ण मॅचभर फक्त यशूला शूट करायचे. बॉल नाही, बास्केट नाही, नुसती यशू. लग्नाच्या व्हिडिओत नवरीवरून कॅमेरा हलत नाही ना, तसं. तिने बॉल टाकला की पुढे काय झालं ते लोकांच्या ओरडण्यावरून ओळखायचं.

वर अप्पांचा स्वतःचा आवाज. "अरे ढकललं तिला! रेफ्री झोपलाय का!"

क्लबच्या कोचने कपाळावर हात मारला. यशू तर रडकुंडीला आली.

"अप्पा, बॉल कुठे आहे? दे वॉन्ट टू सी द बॉल!"

"बॉल बघायला मी कशाला येऊ एवढ्या थंडीत? मी तुला बघायला येतो."

अख्ख्या सीझनचे व्हिडिओ असेच. दुसरे नव्हतेच, मग तेच पाठवले. बऱ्याच कॉलेजांनी उत्तरही दिलं नाही.

एका कोचबाईंचा मात्र व्हिडिओ कॉल आला. म्हणाल्या, सगळे मला बास्केटच पाठवतात. हातात बॉल नसताना मुलगी काय करते, कशी मागे धावते, पडलेल्या पोरीला कशी उठवते, हे मी पहिल्यांदाच बघितलं. कोणी शूट केलंय हे?

अप्पा बाजूला चिवडा खात बसले होते. त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

त्यांना हा खेळ कळत होता की अजिबात कळत नव्हता? मी कितीदा विचारलं. नुसते हसायचे.

मंगळवारनंतर घरात एकच प्रश्न. यशूने जायचं की थांबायचं?

कोचबाई फोनवर म्हणाल्या, "सावकाश ये, स्कॉलरशिप कुठे जात नाही. पण टीम याच तीन आठवड्यांत ठरते. तुझी जागा धरून ठेवेन असं खोटं सांगणार नाही."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुतकात कशी पाठवणार?"

आम्ही बौद्ध. अप्पांनी सुतक कधी पाळलं नाही, आम्हाला पाळू दिलं नाही. म्हणजे अडवायला नियम नाही. पण मग 'जा' म्हणायलाही नियम नाही. सगळं आमच्यावरच.

बर्मिंगहॅमहून नणंद आल्या, शालिनीताई. त्या म्हणाल्या, "आजोबा शवागारात आणि नात विमानात? शोभतं का आपल्याला?"

मिलिंद म्हणाला, "अप्पा असते तर म्हणाले असते, जा."

"कशावरून?"

मग नागपूरच्या आजींचा विषय निघाला. अप्पांची आई गेली तेव्हा ते इथे नवीन होते, जाता आलं नाही. त्यावर ते कधी एक शब्द बोलले नाहीत.

मिलिंद म्हणतो, बघ, नाही गेले तरी खचले नाहीत.

शालिनीताई म्हणतात, बघ, ते इतकं लागलं की तोंडातून शब्द निघाला नाही.

दोघंही त्यांचीच मुलं. मला दोघांचंही पटतं.

काल हॉस्पिटलच्या शवागारात अप्पांना बघायला गेलो. यशूने हात जोडले, त्रिसरण म्हणायला लागली आणि मध्येच अडकली. घरी अडकली की पुढचा शब्द अप्पा द्यायचे. आम्ही दोघी तशाच थांबून राहिलो. मग कशीबशी मी सुरुवात केली.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "आई, अप्पाला प्रॉपर बाय न करता मी कसं जाऊ? तू सांग. डॅडी नको, आत्या नको. तू."

मी म्हणाले, "जा."

का म्हणाले, मला माहीत नाही. आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

आज सिक्युरिटीच्या रांगेतून तिने एकदा मागे वळून बघितलं. मी हात हलवला. वाटत होतं ओरडावं, परत ये, मला काही कळत नाही, माझं ऐकू नकोस. पण मी आपली हात हलवत राहिले.

अप्पा, तुम्हाला शेवटचं पोचवायला मुलगा असेल, मुलगी असेल, मी असेन. तुमची यशू नसेल.

ती थांबायला तयार होती. मी पाठवली.

राग धरायचा असेल तर माझ्यावर धरा. तिच्यावर नको.

जयभीम, अप्पा.