जोवीची चोवीस गाणी आणि मिलायमनांग

इलोइलो शहरातल्या हारो भागात, चर्चच्या मागच्या बाजूला मिलाग्रोस तुपासचं शिवणाचं दुकान आहे. पूर्ण नावाने तिला कुणी हाक मारत नाही. बरोबरीचे मिलाय म्हणतात आणि लहान असतील ते मनांग, म्हणजे ताई. तीस वर्षं झाली, ती शाळेचे गणवेश शिवते. मुलगी दारातून आत येईपर्यंत तिच्या कमरेचं माप मिलायच्या डोक्यात तयार असतं. वय एकसष्ट. आणि जोवी गलांतो या गायिकेच्या चाहत्यांचं शहरात जे मंडळ आहे, त्यात ती वयाने सगळ्यात मोठी. तिच्या खालोखाल जो मोठा, तो तिच्याहून चौतीस वर्षांनी लहान.

हे वेड तिला लेकीमुळे लागलं. नऊ वर्षांपूर्वी फेलिसा नर्स म्हणून रियाधला गेली. जाताना जोवीची चित्रं भिंतीवर आणि एक छोटा स्पीकर टेबलावर तसाच ठेवून गेली. चादर बदलायला म्हणून मिलाय त्या खोलीत गेली आणि ‘पोरीला यात एवढं काय दिसतं, बघू तरी,’ म्हणून तिने स्पीकर लावला. तीन महिन्यांत मायलेकी फोनवर कुठलं गाणं चांगलं यावरून भांडायला लागल्या.

पुढे नर्सिंगला असलेली जेनजेन नावाची मुलगी गणवेशाचं माप द्यायला आली. मिलाय तोंडात टाचण्या धरून जोवीचं अगदी जुनं, कुणाला माहीत नसलेलं गाणं गुणगुणत होती. जेनजेन एवढ्या झटक्यात वळली की टाचणी टोचलीच. मंडळ जेनजेनच चालवायची. त्या दिवसापासून मंडळाच्या बैठका दुकानात व्हायला लागल्या. तिथे मोठं टेबल होतं, दोन पंखे होते आणि हाकलून देणारं कुणी नव्हतं.

यंदा मे महिन्यात, शुक्रवारी दुपारी बारा वाजता जोवीची नवी बारा गाणी येणार होती. शाळा उघडायच्या आधीचे दिवस, म्हणजे मिलायला मान वर करायला फुरसत नाही. तरी चौदा जण दुकानात दाटीवाटीने बसले. बँकेत काम करणारा एल्मर दाढ दुखते म्हणून अर्धी रजा टाकून आला होता. मंडळाच्या ऑनलाइन पानावर लिहायचं काम त्याचं. गाणी पहिल्यांदा ऐकताना प्रत्येकाचा चेहरा कसा होतो, ते तो फोनवर टिपणार होता. अट एकच, शेवटचं गाणं संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

बाराही गाणी संथ आणि उदास निघाली. तिसऱ्या गाण्यालाच जेनजेनच्या डोळ्यांना धार लागली. मागे दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. शेवटी एल्मरने फोन मिलायकडे वळवला. ती स्कर्टची दुमड घालत होती.

“मनांग, कसं वाटलं?”

“खरं सांगू?”

“खरंच सांगा.”

“गाते छान. पण पोरगी नीट जेवत नाहीये. बारा गाण्यांत एकदा म्हणून हसली नाही. अरे, ही ग्विमारास बेटावरची. तिकडच्या पोरींना सोडून कुणी गेला तर दोन दिवस रडतात आणि तिसऱ्या दिवशी त्याची नक्कल करून दाखवतात.”

एल्मरने हे जसंच्या तसं पानावर टाकलं. खाली स्वतःचं मत लिहिलं: जोवीने सगळं सांगून टाकलंय, आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

अर्ध्या तासात मनिलाचे चाहते तुटून पडले. ही आजी कोण? हिला मंडळातून काढा. जोवीच्या दुःखाची हिला थट्टा सुचते? एकाने तर लिहिलं, तिला म्हणावं, गप शिवण शिव.

जेनजेनचे कान लाल झाले. “मनांग, काढून टाकू का तो व्हिडिओ?”

“का? मी कुणाला शिवी दिली?”

“तसं नाही, पण...”

“मग राहू दे. नाही आवडलं तरी आवडलं म्हणायला ती काय माझी विहीण आहे?”

सगळे हसले. मिलायही हसली. पण लागलं तिला. एकाच कडेवर तिने दोनदा शिलाई मारली आणि मग मुकाट्याने उसवत बसली.

दोनच्या सुमाराला कोपऱ्यावरून बाचॉय आलं. वाफाळत्या रश्श्यातल्या शेवया सगळे भुरकत असताना एकाच वेळी चौदा फोन थरथरले. जेनजेनची शेवई ओठाबाहेर तशीच लोंबत राहिली.

“अजून बारा,” ती म्हणाली.

“काय अजून बारा?”

“गाणी. दुसरा भाग आहे. आत्ता, या क्षणाला टाकलाय तिने.”

एल्मरने डोकं धरलं. “मी आत्ताच लिहिलं ना, की आता काही उरलेलं नाही.”

“लिहिण्याआधी तिला विचारायचंस,” मिलाय म्हणाली. “लाव, लाव पटकन.”

पहिल्याच गाण्यात ढोल वाजला आणि जोवी चक्क हिलिगायनोनमध्ये गायला लागली. आजवर ती टागालोगमध्ये नाहीतर इंग्रजीत गायलेली. घरची बोली तिने गाण्यात कधी आणली नव्हती. गाण्याचं नाव होतं ‘आमो गली’, म्हणजे ‘अस्सं होय’. बायका बाजारात कुणाचं तरी लफडं ऐकताना मान हलवत म्हणतात, ते. गाण्यातली मुलगी ग्विमारासच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत उभी आहे. समोरून तिचा जुना मित्र नव्या मैत्रिणीची आंब्याची पेटी डोक्यावर घेऊन येतो. हिची साधी पिशवी त्याने कधी धरली नव्हती. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती म्हणते, आमो गली. शेवटच्या कडव्यात तर पेटीखाली तो कसा वाकून चालतो, याची हुबेहूब नक्कल.

मिलायने मशीन थांबवलं. हसता हसता ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली आणि स्कर्टच्या तुकड्यानेच डोळे पुसायला लागली. एल्मरचा हात हसण्याने हलत होता, त्यामुळे तो व्हिडिओ पार डळमळीत आला.

तिकडे मनिलात कुणाला काही कळेना. ‘गली’ त्यांना ‘गालित’सारखं ऐकू आलं आणि त्यांच्या भाषेत गालित म्हणजे राग, तेव्हा जोवी प्रचंड संतापली आहे, असं ठरवून लोकांनी लांबच लांब लिहायला घेतलं. मग कुणीतरी म्हणालं, त्या आजींना विचारा. आणि शिवण शिव म्हणणाऱ्यानेच विचारलं, “आजी, पहिल्या ओळीचा अर्थ काय हो?”

“उत्तर देऊ नका याला,” जेनजेन म्हणाली.

“अगं, विचारतोय बिचारा. फक्त आजी नाही म्हणायचं, मनांग म्हणायचं. लिही असं त्याला.”

दुपारभर मिलाय काजं करता करता अर्थ सांगत राहिली आणि एल्मर लिहीत राहिला. ‘पालांग्गा’ शब्दापाशी मात्र ती अडली. “प्रेम म्हण. पण नुसतं प्रेम नाही रे. त्यात लाडही आहेत. थांब, सुचू दे.”

तेवढ्यात रियाधहून फेलिसाचा फोन आला. रात्रपाळी संपवून ती खोलीवर पोचली होती.

“नानाय, मी झोपू कशी? मनिलाच्या पाच जणी माझ्या पलंगावर बसल्यात. अर्थ सांग म्हणून जीव खातायत.”

“इथेही तेच चाललंय. तू पालांग्गाचं काय सांगितलंस?”

“म्हटलं, माझी आई सगळं ऐकून घेते आणि शेवटी विचारते, जेवलीस का. तसं.”

मिलायने हातातली सुई कापडात खोचून ठेवली. मग एल्मरला म्हणाली, “हेच लिही.”

शनिवारी द्यायचे वीस स्कर्ट तसेच राहिले होते. संध्याकाळी मंडळानेच सुई-दोरा हातात घेतला. जेनजेनने हुक उलटे लावले, ते मिलायने परत काढले. पहिला भाग सरस की दुसरा, यावर मतं घेतली तेव्हा पहिल्याच्या बाजूने एकटा एल्मर उरला. त्याने माघार घेतली नाही.

आठवड्याभराने तो पँटची लांबी कमी करायला आला, तेव्हा मशीनशेजारी पहिलाच भाग चालू होता.

“चौथं गाणं बरं आहे,” मिलाय मान वर न करता म्हणाली.

त्याने घाईघाईने खिशातून फोन काढला.

“ते आत ठेव,” ती म्हणाली, “आणि सरळ उभा राहा. पाय वाकडा केलास तर एक बाजू आखूड होईल.”