तिसरा चहा

"मुजफ्फरभाईकडं बहीन घेऊन जासान, तर घरून चहा पिऊन निघू नोका," असे नेर तालुक्यातले लोक एकमेकांना बजावत असत. त्यात थोडी थट्टा असे आणि थोडी तक्रारही.

वडील वारले की सातबाऱ्यावर मुलांबरोबर मुलींचीही नावे चढतात. मग एखाद्या सवडीच्या दिवशी भाऊ बहिणीला नोंदणी कार्यालयात घेऊन येतात आणि ती हक्कसोडपत्र करून आपला हिस्सा भावांच्या पदरात टाकते. बहिणीने मागायचे नाही आणि भावाने विचारायचे नाही, असा रिवाज. कार्यालयासमोरच्या टिनाच्या खोलीत बसून लोकांचे अर्ज आणि दस्त लिहून देणारे अर्जनवीस शेख मुजफ्फर मात्र विचारत. पण त्याआधी ते कागदावर एक नजर टाकून भावांना म्हणत, "समोर जाऊन चहा घेऊन या."

"आत्ताच घेतला, भाई."

"मंग अजून एक घ्या."

भाऊ रस्ता ओलांडून हिरासिंगच्या टपरीवर जात. फार लवकर परत आले तर त्यांना दुसऱ्या चहाला धाडले जाई. दोन चहांच्या त्या अवधीत मुजफ्फरभाई बाईला अख्खा कागद वाचून दाखवत आणि तीन प्रश्न विचारत. काय सोडून राह्यली, माहीत हाये का? कोनी भेव दाखवला का? घरी गेल्यावर पस्तावशीन का? अर्जनवीस आणि टपरीवाला यांची आतून भागीदारी असावी, अशी लोकांची खात्री होती. हिरासिंग म्हणे, "भागीदारी कायची? साखर माह्यी जाते अन् नाव त्यायचं होते."

या चहामागे एक गोष्ट होती. वडिलांचा टाइपरायटर हाती आला तेव्हा मुजफ्फरभाई चोवीस वर्षांचे होते. पहिल्याच वर्षी त्यांनी एका बाईचे हक्कसोडपत्र टाइप केले. दोन वर्षांनी तीच बाई एकटी आली, दारातच बसली आणि म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी मी कायले अंगठा देल्ला होता?" ती भांडायला आली नव्हती. तिला खरोखरच ठाऊक नव्हते. त्या कागदाची शेवटची ओळ होती, 'सदर लेख मला वाचून दाखविला, तो मला समजला व मान्य आहे.' ती ओळ मुजफ्फरभाईंनी स्वतःच्या बोटांनी उमटवली होती आणि कागद मात्र कोणालाही वाचून दाखवला नव्हता. दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवसापासून भाऊमंडळी चहाला जाऊ लागली. त्याला आता तीस वर्षे झाली.

गेल्या वर्षी तालुक्यात एआयचा बोलबाला झाला. पोरेटोरे मोबाइलवर करारनामे, अर्ज, नोटिसा बनवून आणू लागली. शेजारच्या अर्जनविसांनी कपाळाला आठ्या घातल्या. मुजफ्फरभाईंनी चष्मा पुसला. त्यांची मुलगी अलफिया यवतमाळला एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करते. आमच्या कचेरीत निम्मे मसुदे आता हेच लिहिते, असे सांगून तिने ते त्यांच्या मोबाइलमध्ये बसवून दिले. त्यानंतर आठ दिवस ते त्या यंत्राला, खरबूज ठोकून पाहावे तसे, ठोकून पाहत होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला हक्कसोडपत्र लिहायला सांगितले. चष्मा नाकावर बसेपर्यंत कागद तयार. तीस वर्षांत आपल्या हातून इतका नितळ मसुदा उतरला नाही, हे त्यांनी मनोमन कबूल केले. मग नजर शेवटच्या ओळीवर गेली. 'सदर लेख मला वाचून दाखविला, तो मला समजला.' त्यांनी लगेच विचारले, "कोनाले वाचून दाखवला? थे बाई कोठी हाये?" यंत्राने उत्तर दिले की अशा दस्तांत हे वाक्य प्रघात म्हणून येते, प्रत्यक्षात कोणी वाचून दाखवले का, हे त्याला माहीत नाही, सही होण्यापूर्वी तशी खात्री करून घ्यावी.

मुजफ्फरभाई खूश झाले. संध्याकाळी टपरीवर त्यांनी हिरासिंगला सांगितले, "गलती कबूल करते. मले दोन वर्सं लागले होते, त्यानं जागच्या जागी कबूल केली."

"भाई, थे तुमची रोजी खाईन."

"खाईन त खाईन. कोन्या दातानं खाते, थे त पाहू दे."

पुढे एकदा त्याने एक नियम इतक्या ठामपणे सांगितला की मुजफ्फरभाईंनी तो वहीत उतरवून घेतला. अलफियाला तो कोणत्याच पुस्तकात सापडला नाही. तेव्हापासून त्यांचे मत असे झाले की गडी हुशार आहे, पण थापही तितक्याच सफाईने मारतो. तरी त्यांनी त्याला सोडले नाही. रोज नवे काही विचारावे, उत्तर ऐकावे आणि मान डोलवावी किंवा हलवावी, असा त्यांचा छंदच झाला.

जानेवारीत, बाजार समितीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, रामराव आणि कपिल हे दोघे भाऊ आपल्या बहिणीला, इंदुताईला, घेऊन आले. ती केळापूरकडे दिलेली. पहाटेची एसटी धरून, यवतमाळला गाडी बदलून आली होती. रामरावने स्वतः तिला स्टँडवरून मोटारसायकलवर आणले होते. त्याच्या हातात तिची पिशवी होती आणि मोटारसायकलच्या डिकीत सहीनंतर तिला द्यायची, वहिनीने घडी करून दिलेली नवी साडी. माणूस वाईट नव्हता. विहिरीचा अर्ज असो की वीजजोडणीचा, दरवेळी केळापूरहून बहिणीची सही आणावी लागे, याचा त्याला कंटाळा आला होता. उद्या बहिणीच्या नवऱ्याच्या मनात काय येईल, हीही एक धास्ती होती. वडिलांच्या नऊ एकरांतला तिसरा हिस्सा इंदुताईच्या नावावर होता. आज सही झाली की तो सुटणार होता.

कपिलने छापील कागद टेबलावर ठेवला. गट क्रमांक, चतुःसीमा, वारसांची नावे, सारे बिनचूक.

"तुनं लिहिला?"

"मोबाइलनं लिहिला, भाई. आता तुमचं काम फक्त शिक्क्याचं."

"अच्छा. अन् थिले वाचून कोनं दाखवला?"

कपिलने रामरावकडे पाहिले. रामराव खाली पाहत होता.

"जा, चहा घेऊन या," मुजफ्फरभाई म्हणाले.

त्यांनी कागद वाचला. इंदुताई ओळीओळीला मान डोलवत होती. त्यांनी तीन प्रश्न विचारले.

"हो, भाऊ, माहीत हाये."

"नाई, भाऊ."

"नाई, कायले पस्तावतो?"

तीस वर्षे ऐकत आलेली उत्तरे. मुजफ्फरभाईंनी शाईचा पॅड पुढे ओढला. तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या मोबाइलवर गेली.

"भाऊ, कपिल म्हने, याले काही बी विचारता येते."

"येते ना."

"मले एक विचाराचं होतं."

"विचारा, ताई. तुमी बोला, मी टाइप करतो." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

ती पदराचे टोक बोटाला गुंडाळून पुन्हा सोडू लागली. मग रस्त्यापलीकडे टपरीकडे पाहत हळूच म्हणाली, "भाऊ, तुमी चहा घेतला का?"

मुजफ्फरभाईंना अर्थ उमगायला थोडा वेळ लागला. उमगला तेव्हा ते उठून उभे राहिले. कुठे दाबायचे, दाबून कसे बोलायचे, ते त्यांनी दाखवले. "पुन्याचं बोलते, पन आपलं समजते. अन् एक ध्यानात ठेवा, हे कधी कधी चुकते." मग त्यांनी दार ओढून घेतले. ते दार इतकी वर्षे दिवसा कधी लागलेच नव्हते. त्यामागचा जुन्या फायलींचा गठ्ठा आधी बाजूला करावा लागला.

हिरासिंगच्या हातातली किटली हवेतच थांबली. "तुमी? आज अर्जनविसाले कोनं धाडलं बाप्पा!"

"चहा दे."

कपिल पुढे आला. "ताई एकटीच हाये आत?"

"एकटी कायची? मोबाइल हाये."

"काय विचारून राह्यली?"

"मले मालूम असतं, त इथं चहा पेत बसलो असतो?"

चहा समोर आला, पण त्यांचे लक्ष बंद दाराकडे होते. काय विचारत असेल ती? नवऱ्याचे काही? मुलाबाळांचे? की भावांविषयी असे काही, जे भावांच्या गावच्या माणसाला सांगता येत नाही? विचारण्यासारखे सगळे आपण विचारतो, अशी त्यांची समजूत होती. त्यांचे तीन प्रश्न ऐकून मान हलवणाऱ्या बाया त्यांना आठवू लागल्या. भावांना बाहेर काढले की खोली मोकळी होते, असे ते इतकी वर्षे धरून चालले होते. पण खोलीत ते स्वतः असत, शिक्का आणि पॅड घेऊन. हिरासिंगने साय धरलेला ग्लास उचलून नेला आणि दुसरा भरून आणला. त्यांनी तोही प्यायला नाही.

दार उघडले. भावांना टपरीवरच थांबवून मुजफ्फरभाई एकटे आत आले. मोबाइल टेबलावर पालथा ठेवलेला होता आणि त्यावर वजन म्हणून शाईचा पॅड.

"भाऊ, आज सही नाई करत."

"ठीक हाये. पन याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नोका. कोर्टात बायांसाठी फुकट वकील भेटते. त्यायले विचारून पक्कं करा."

तिने होकार दिला, दाराकडे वळली आणि थांबली. "मी बोललेलं याच्यात राह्यते का?"

"राह्यते."

तिचा चेहरा उतरला. मुजफ्फरभाईंना ठाऊक होते की यंत्र प्रत्येक संभाषणाला स्वतःच एक मथळा देते. पुसायला मोबाइल हाती घेतला असता तर निदान तो मथळा दिसलाच असता, आणि त्यांच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. त्यांनी मोबाइल तिच्या हाती दिला, पाठ फिरवली आणि भिंतीवरच्या खत कंपनीच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले.

"सगळ्यात वरची ओळ दाबून धरा. कचऱ्याचा डबा दिसला?"

"थांबा... हो, दिसला."

"दाबा. परत विचारन, परत दाबा."

"पुसलं वाटते."

"वाटते नाई. नीट पाहा."

"पुसलं, भाऊ."

तोवर कॅलेंडरावरच्या जानेवारीपासून मार्चपर्यंतच्या साऱ्या सुट्या त्यांच्या वाचून झाल्या होत्या.

भाऊ आत आले आणि सही होणार नाही हे ऐकताच कपिल भडकला. "तुमच्या मोबाइलनं आमचं घर मोडलं, भाई! साऱ्या तालुक्याले सांगतो."

"कागद बी मोबाइलनंच बनवला होता ना, बाबू?"

रामराव मात्र बहिणीकडेच पाहत होता. "इंदे, झालं काय?"

"काही नाई, दादा. पंधरा दिस दे."

कपिलने बोलल्याप्रमाणे केले. भाईच्या खोलीत बहिणींना फूस मिळते, अशी कुजबुज सुरू झाली. त्या पंधरवड्यात एकही हक्कसोडपत्र मुजफ्फरभाईंच्या टेबलावर आले नाही. भाऊ शेजारच्या अर्जनविसाकडे वळले. हिरासिंग म्हणाला, "भाई, तिनं सही केली असती त बरं झालं असतं." ते म्हणाले, "कोनाले बरं?" आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोके घातले.

सोळाव्या दिवशी इंदुताई आली. तिकडच्या कोर्टातल्या वकीलबाईंना भेटून आली होती. रामराव आधीच येऊन बसला होता. कपिल आला नाही. या वेळी तिने कोणालाही चहाला पाठवले नाही. विहिरीच्या अर्जाला लागणारे संमतीपत्र तिने सही करून आणले होते, ते भावापुढे ठेवले.

"दादा, तुमी पेरा, तुमी खा. मी एक दाना मागनार नाई. सही पाह्यजे तवा फोन कर, मी टपालानं धाडीन. पन नाव माह्यं राहू दे. माह्या सासरच्या कोन्याच जमिनीच्या कागदावर मी नाई. ह्या एकावर हाये."

रामराव बराच वेळ संमतीपत्राची घडी घालत आणि उलगडत राहिला. मग त्याने तिची पिशवी उचलली. साडी त्याने परत नेली नव्हती. पंधरा दिवस ती त्याच्या मोटारसायकलच्या डिकीतच होती. ती पिशवीत टाकून त्याने बहिणीला स्टँडवर सोडले.

आता तालुक्यात दोनऐवजी तीन चहांची थट्टा चालते. भाऊ चहाला गेले की वाचन होते, प्रश्न होतात आणि मग मुजफ्फरभाई विचारतात, "ताई, मी बी चहा घेऊन येऊ का?" काही बाया हसून नको म्हणतात. काही जणी काहीच बोलत नाहीत. तेव्हा ते दार ओढून घेतात. बिजागऱ्यांना त्यांनी तेल घातले आहे. आत काय विचारले जाते, याचे त्यांचे कुतूहल कमी झालेले नाही. कॅलेंडर मात्र त्यांना तोंडपाठ झाले आहे.

त्या सोळाव्या दिवशी बहिणीला गाडीत बसवून रामराव टपरीवर परतला आणि मुजफ्फरभाईंशेजारी बाकावर बसला. ग्लास हातात फिरवत तो म्हणाला, "भाई, खरं सांगा. आमी भाऊ असून आमाले विचारू शकली नाई, असं काय विचारलं थिनं त्याले?"

मुजफ्फरभाईंनी आपला ग्लास खाली ठेवला.

"थिनं तुले नाई विचारलं, मले बी नाई विचारलं. चहा घे अन् घरी जा."